बारा शिलिंगांची एक पेनी

चकलीच्या सोऱ्याचा दट्ट्या नळ्यात अचूक बसतो, याचे आपल्याला नवल वाटत नाही. दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या कारखानदाराला मात्र अशा अचूकपणाचे दाम चांगलेच मोजावे लागत.

बिडाचा ओबडधोबड तुकडा सपाट करायचा, तर छिन्नी आणि कानस एवढाच आधार. जोसेफ व्हिटवर्थने १८५६ साली ग्लासगो येथे यंत्रविशारदांच्या सभेत याचा हिशेबच मांडला. तीस वर्षांपूर्वी एक चौरस फूट बीड हाताने सपाट करण्याची मजुरी १२ शिलिंग पडे. तेच काम आता रंधायंत्रावर एका पेनीहून कमी मजुरीत होते. १२ शिलिंग म्हणजे १४४ पेन्या! महागाईचीच रड ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांना हा आकडा परीकथेतला वाटावा.

पण ही स्वस्ताई लोकांच्या पदरात पडायला काही काळ जावा लागला. १८२५ च्या सुमारास लंडनच्या जोसेफ क्लेमंटने मोठे रंधायंत्र उभारले. हा एका गरीब विणकराचा मुलगा. त्याच्या तोडीचे दुसरे यंत्र जवळ नव्हते, तोवर ते बारा तासांच्या दिवसाला सुमारे १० पौंड मिळवून देई. पुढे अशी यंत्रे इतरांनीही केली, त्यांत खुद्द व्हिटवर्थ होता. तो क्लेमंटच्याच हाताखाली काम करून गेलेला! एका यंत्राने दुसऱ्या यंत्राचे भाग सफाईने कापले, की दुसरे सोपे आणि स्वस्त होते. मक्तेदारी टिकणार कशी?

याच क्लेमंटकडे चार्ल्स बॅबेजने आपले गणितयंत्र घडवायला दिले होते. खर्च सरकारचा. भाग इतके नाजूक, की ते कापणारी हत्यारेच आधी नव्याने बनवावी लागली. १८३३ साली दोघांचे बिनसले आणि काम थांबले. व्यवसायाच्या रूढीप्रमाणे हत्यारे कारागिराची. ती क्लेमंटने ठेवून घेतली. बॅबेज संतापला. त्याचा संताप समजतो, पण ती हत्यारे वापरण्याचे कसब कोणाच्या हातात होते, हेही विसरून चालत नाही. सरकारचे एकंदर १७,००० पौंड खर्ची पडले आणि पुरे यंत्र काही हाती आले नाही.

बॅबेजने पुढे दुसऱ्या, अधिक सुटसुटीत गणितयंत्राचे आराखडे काढून ठेवले होते. त्यांवरून लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने १९९१ साली, त्याच्या जन्माला दोनशे वर्षे झाली तेव्हा, त्या यंत्राचा गणित करणारा भाग उभा केला. सुमारे ४,००० सुटे भाग होते. यंत्राने गणिते बिनचूक सोडवली.