चालवावी कीं जपावी?

पैठणी नेसावी कीं पेटींत घडी करून ठेवावी, हा वाद मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. नेसली तर जर झिजते, डाग पडतो. न नेसावी तर रेशीम घडीवरच चिरतें. वापरानें जें जातें, तें न वापरल्यानेंही जाण्याचें टळत नाहीं. हाच पेंच पाश्चात्य जगांत एका यंत्राच्या बाबतींत पडलेला आहे. तें यंत्र म्हणजे मोजक्याच संख्येनें तयार झालेली शर्यती मोटारगाडी. अशी गाडी ज्याच्या हातीं आली, त्यानें ती चालवून वेगाचा आनंद लुटावा, कीं तिच्यावर आच्छादन घालून तिची किंमत वाढण्याची वाट पाहावी? नुसत्या तर्कानें या प्रश्नाचा निकाल लागत नाहीं. परंतु इटलींत इ. स. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत तयार झालेल्या एका मोटारीचा इतिहास पाहिला, तर या वादावर पुष्कळसा उजेड पडतो. त्या मोटारीचें नांव फेरारी २५० जीटीओ.

एंझो फेरारी हा मोदेना शहरचा रहिवासी. जवळच्या मारानेल्लो गांवीं त्याचा कारखाना होता. रस्त्यावरच्या गाड्या तो धनिकांना विकी, तो शर्यतींचा खर्च भागावा म्हणून. गाड्या विकतां याव्यात म्हणून शर्यती करणाऱ्यांपैकीं तो नव्हता. त्या काळीं आंतरराष्ट्रीय मोटार संघटनेनें शर्यतींचे जे वर्ग पाडले होते, त्यांत ‘ग्रान् तुरिस्मो’ म्हणजे लांबच्या प्रवासाच्या जलद गाड्यांचा एक वर्ग होता. या वर्गांत उतरावयाचें तर त्या नमुन्याच्या १०० गाड्या तयार झालेल्या असाव्या लागत. फेरारीनें नवी गाडी आपल्या जुन्या, मान्यता मिळालेल्या २५० जीटी गाडीचीच सुधारलेली आवृत्ति म्हणून पुढें केली, आणि ती मान्य झाली. नांवांतील शेवटचें अक्षर या मान्यतेचेंच द्योतक आहे. २५० हा आंकडा बारा सिलिंडरांपैकीं प्रत्येकाचें घनफळ दाखवितो. एंजिन तीन लिटरचें, शक्ति सुमारें ३०० अश्वांची.

या गाडीच्या जन्मवेळींच कारखान्यांत मोठा कलह माजला होता. इ. स. १९६१ च्या अखेरीस अनेक प्रमुख अधिकारी फेरारीला सोडून गेले. त्यांत या गाडीची आंखणी करणारा जोत्तो बिझ्झारीनी हाही होता. उरलेलें काम माउरो फोर्गिएरी या अवघ्या सव्वीस वर्षांच्या तरुण अभियंत्यावर पडलें. गाडीचा अॅल्युमिनियमचा सांगाडा मोदेनाच्या स्काल्येत्ती या कारागिराच्या कारखान्यांत हातानें ठोकून तयार होई. म्हणून कोणत्याही दोन गाड्या अगदीं तंतोतंत एकसारख्या नाहींत. आंत चैनीचें कांहींच नव्हतें. चालकापुढें एंजिनाचे फेरे मोजणारा मोठा कांटा होता. गाडीचा वेग दाखविणारा कांटाच नव्हता. शर्यतींत जो पुढें आहे त्याला तो वेग जाणून काय करावयाचें आहे!

अशा गाड्या एकंदर ३६ झाल्या. चार लिटरच्या मोठ्या एंजिनाच्या तीन गाड्या धरल्या तर ३९. हा आंकडा ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. गाडी दुर्मिळ व्हावी असा कोणाचाही हेतु नव्हता. शर्यत करणारे गिऱ्हाईक जेवढे मिळाले तेवढ्या गाड्या झाल्या, आणि गाडी जुनी ठरतांच काम थांबलें. नव्या गाडीची किंमत अमेरिकेंत सुमारें १८ हजार डॉलर होती. रक्कम मोठी खरी, पण राजाच्या खजिन्याची नव्हे.

मार्च १९६२ मध्यें फ्लॉरिडांतील सेब्रिंग येथें बारा तासांची शर्यत झाली. आदल्या वर्षींचा जगज्जेता फिल हिल आणि बेल्जियमचा ओलिव्हिए जांदबियां हे दोघे तेथें ही गाडी घेऊन उतरले. केवळ शर्यतीसाठींच बांधलेल्या गाड्यांच्या गर्दींत ती दुसरी आली, आणि आपल्या वर्गांत पहिली. त्याच वर्षीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत दुसरा व तिसरा हे दोन्ही क्रमांक याच गाड्यांनीं पटकावले. इ. स. १९६३ व १९६४ या दोन्ही वर्षीं फ्रान्सच्या मोटार-परिक्रमेंत ती विजयी झाली. ही परिक्रमा अनेक दिवस चाले. गाड्या सार्वजनिक रस्त्यांवरून गांवोगांव जात, आणि वाटेंत शर्यतीचे मार्ग व डोंगरांचे घाट लागत. आपल्या वर्गाचें जागतिक अजिंक्यपद या गाडीनें १९६२, १९६३ व १९६४ अशीं सलग तीन वर्षें फेरारीला मिळवून दिलें. इ. स. १९६५ मध्यें तें अमेरिकन कोब्रा गाड्यांनीं हिरावून घेतलें, आणि जीटीओचा दिवस मावळला.

पुढचीं कांहीं वर्षें या गाडीच्या वाट्याला आली ती उपेक्षा. शर्यतीची शिळी गाडी म्हणजे कालचें वर्तमानपत्र. कांहीं हजार डॉलरांत ती मिळूं लागली. एक गाडी टेक्सस प्रांतांतील एका शाळेला, मुलांना यंत्रकाम शिकविण्याच्या वर्गासाठीं, देणगीदाखल मिळाली. शाळेनेंही ती विकून टाकली, आणि पुढें ओहायो प्रांतांत एका उघड्या शेतांत, ओढगाडीवर चढविलेल्या स्थितींत, ती ऊनपावसांत वर्षानुवर्षें उभी होती. आज जिच्यासाठीं कोट्यवधि डॉलर मोजले जातील, ती त्या वेळीं कोणाला आडोशाला ठेवावीशी वाटली नाहीं.

मग ही गाडी वांचविली कोणी? जे तिला चालवूं इच्छीत होते त्यांनीं. ३८५१ क्रमांकाच्या गाडीची हकीगत या दृष्टीनें बोलकी आहे. इ. स. १९४८ च्या हिवाळी ऑलिंपिक सामन्यांत बर्फावरील घसरणीच्या स्पर्धांत दोन सुवर्णपदकें मिळविणारा फ्रेंच वीर आंरी ओरेये यानें आपल्या जो श्लेसर या मित्राबरोबर ही गाडी १९६२ च्या फ्रान्स-परिक्रमेंत दुसऱ्या क्रमांकावर आणली. थोड्याच दिवसांनीं, ऑक्टोबरांत, पॅरिसजवळच्या मोंलेरी येथील शर्यतींत त्याच गाडीला अपघात झाला व ओरेये मरण पावला. मोडलेली गाडी दुरुस्त झाली. इ. स. १९६५ मध्यें ती फाब्रित्स्यो व्हियोलाती या इटालियन गृहस्थानें घेतली, आणि २०१० सालीं मृत्यु येईपर्यंत म्हणजे पंचेचाळीस वर्षें ती त्याच्यापाशींच राहिली. जुन्या मोटारींच्या शर्यतींत तो ती स्वतः चालवीत असे. तिची किंमत काय होणार आहे हें १९६५ सालीं त्याला स्वप्नांतही दिसलें नसेल.

दुसरें उदाहरण पिंक फ्लॉइड या इंग्रज वाद्यवृंदांतील तालवादक निक मेसन याचें. १९६२ सालीं ल मां येथें तिसरी आलेली गाडी त्यानें १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सुमारें ३७ हजार पौंडांना विकत घेतली. मित्रांना तो सौदा वेडेपणाचा वाटला असल्यास नवल नाहीं. त्यानें ती शर्यतींत व रस्त्यावर सर्रास चालविली, आणि पुढें किंमत गगनाला भिडल्यावरही ती चालविण्याचें सोडलें नाहीं.

किंमतीची कथा मात्र निराळीच आहे. ऑगस्ट १९८८ मध्यें एंझो फेरारी वारला, आणि त्याच्या गाड्यांच्या खरेदीला ऊत आला. इ. स. १९८९ च्या सुमारास एका जीटीओला एक कोटी डॉलरांहून अधिक रक्कम मोजली गेली. परंतु घेणारांपैकीं पुष्कळांना गाडी नको होती, वाढती किंमत हवी होती. बाजार फिरला आणि १९९४ पर्यंत तोच भाव ४० लाख डॉलरांच्याही खालीं आला. ज्यानें गाडी चालविण्यासाठीं घेतली होती त्याचें या पडझडींत कांहींच गेलें नाहीं. रविवारीं सकाळीं एंजिन पूर्वीसारखेंच गर्जत होतें. ज्यानें केवळ भावासाठीं घेतली होती त्याच्यापाशीं तोट्याचा कागद तेवढा उरला.

पुढें भाव पुन्हां चढला. व्हियोलातीची ती ३८५१ क्रमांकाची गाडी ऑगस्ट २०१४ मध्यें कॅलिफोर्नियांतील लिलांवांत ३ कोटी ८१ लाख डॉलरांना गेली. इ. स. २०१८ सालीं दुसरी एक गाडी ४ कोटी ८४ लाखांना, तर २०२३ सालीं चार लिटरच्या एंजिनानिशीं जन्मलेली एक गाडी ५ कोटी १७ लाखांना विकली गेली. इ. स. २०१९ मध्यें तर बोलोन्या येथील न्यायालयानें या गाडीची आकृति ही कलाकृति असल्याचें मान्य करून तिची नक्कल करण्यास मनाई केली. लोखंड-अॅल्युमिनियमचें यंत्र चित्र-शिल्पांच्या पंक्तीला जाऊन बसलें.

आणि येथेंच खरा पेंच सुरू होतो. लिलांवाच्या सूचिपत्रांत गाडीच्या किंमतीचें कारण म्हणून काय छापलें जातें? अमुक वर्षीं अमुक शर्यत, अमुक चालक, अमुक क्रमांक. म्हणजे किंमत देणारा मनुष्य गाडीच्या धांवेचीच किंमत देतो. पण ती रक्कम इतकी मोठी असते कीं, ती मोजल्यावर गाडी धांवडविण्याचें धैर्यच त्याला उरत नाहीं. धांवेनें किंमत निर्माण केली, आणि किंमतीनें धांव बंद पाडली!

हें भय अगदींच निराधार नाहीं. इ. स. २०१२ मध्यें या गाडीच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त मालकांची फ्रान्समधून सफर निघाली असतां त्यांतील एक जीटीओ सार्वजनिक रस्त्यावर अपघातांत सांपडली. ३६ गाड्यांपैकीं एक गेली तर सदतिसावी कोठून आणावयाची? शिवाय शर्यतींत झिजलेला भाग बदलावा लागतो. आज एंजिनाचा एक भाग बदलला, उद्यां पत्रा बदलला, असें होतां होतां मूळची गाडी किती उरली हा प्रश्न पडतो. जपणाऱ्यांच्या पक्षांतही सत्य आहे. कारागिराच्या हातोड्याच्या खुणा, मूळचा रंग, मूळची शिवण हीं इतिहासाचीं अस्सल कागदपत्रें होत, आणि एकदां पुसलेला कागद पुन्हां लिहितां येत नाहीं.

परंतु जपण्याचाही अतिरेक होऊं शकतो. फ्रान्सच्या आल्सास प्रांतांतील मुलूझ येथें श्लुंफ बंधु म्हणून लोंकरीच्या गिरण्यांचे मालक होते. त्यांनीं एका गिरणीच्या इमारतींत गुपचूप ४०० हून अधिक मोटारी जमविल्या, इ. स. १९६४ मध्यें अमेरिकेंतील एका संग्राहकाकडून ३० बुगात्ती गाड्या एकदम आणविल्या. या गाड्या धांवत नव्हत्या, आणि कोणी पाहतही नव्हतें. गिरण्या बुडाल्या, आणि १९७७ च्या मार्चमध्यें मजूर त्या इमारतींत शिरले, तेव्हां आपले रोजगार बुडत असतांना मालकांची संपत्ति कोठें सांठत होती हें त्यांच्या दृष्टीस पडलें. मालक स्वित्झर्लंडला निघून गेले. पुढें १९८२ सालीं त्या संग्रहाचें सार्वजनिक संग्रहालय झालें. तेव्हां जपणूक खरी, पण ती लोकांसाठीं झाली तरच तिला अर्थ आला.

हल्लींच्या कारखानदारांनीं जीटीओच्या इतिहासावरून एक उलटा धडा घेतलेला दिसतो. जी दुर्मिळता तेव्हां योगायोगानें आली, ती आतां आधींच ठरवून आणली जाते. इ. स. २०१६ मध्यें पोर्शे कारखान्यानें ९११ आर नांवाची गाडी काढली. ४ लिटरचें, ५०० अश्वशक्तीचें एंजिन, हातानें बदलावयाचे सहा गीअर, वजन कमी. सारी रचना चालविणाऱ्याच्या सुखासाठीं केलेली. पण संख्या ठरविली अवघी ९९१. परिणाम असा झाला कीं, गाड्या हातीं पडतांच मूळ किंमतीच्या कितीतरी पट दरानें त्यांची फेरविक्री सुरू झाली, आणि चालविण्यासाठीं घडविलेली गाडी कोठारांत जाऊन बसली. कारखान्यानें पुढच्याच वर्षीं जीटी३ या गाडींत तितक्याच शक्तीचें एंजिन आणि हातानें बदलावयाचे गीअर दिले, तेही संख्येची मर्यादा न घालतां. ज्याला खरोखरच चालवावयाचें होतें त्याला त्यांत हवें तें बहुतेक सारें मिळालें. आणि ९११ आरचा चढलेला भाव उतरूं लागला.

यावरून निवडीची कसोटी हातीं येते. ज्याला चालविण्याचा आनंद हवा, त्यानें संख्येच्या मोहांत पडूं नये. तोच आनंद बहुधा कमी दुर्मिळ गाडींतही मिळतो. ज्याला संग्रह हवा, त्यानें हें विसरूं नये कीं, न चालविलेल्या गाडीला सांगण्याजोगी कथाच नसते. उभ्या यंत्रांत पेट्रोल चिकटतें, रबरी भाग कडक होतात, गतिरोधक अडकून बसतात. रेशीम घडीवर चिरावें तसेंच हें आहे.

इंग्लंडमधील गुडवुड येथें १९९८ सालापासून दर वर्षीं जुन्या गाड्यांच्या शर्यती भरतात, आणि त्यांत जीटीओ गाड्याही उतरल्या आहेत. पत्र्याला पोंचा येतो, तो काढला जातो. कुंपणाशीं उभ्या असलेल्या मुलाच्या कानांवर बारा सिलिंडरांचा आवाज पडतो. सूचिपत्रांत त्या आवाजाची नोंद करतां येत नाहीं. पण तो ऐकणारा कोणीच उरला नाहीं, तर त्या कोट्यवधि डॉलरांचें कारण तरी पुढच्या पिढीला कोण सांगणार?