आधी विश्वास, मग शिस्त

मुंढव्यातील ब्लू क्रॉस सोसायटी किंवा बावधनमधील रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टसारख्या संस्थांमुळे पुण्यात पिलाऐवजी मोठ्या वयाचा कुत्रा दत्तक घेणारी कुटुंबेही आढळतात. अशा घरांत पहिल्या काही दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते. तासभर खाली फिरवले तेव्हा कुत्र्याने काहीच केले नाही आणि घरात येताच दिवाणखान्यातील फरशी घाण केली! हा हट्ट नव्हे की सूड नव्हे. रस्त्यावरील वाहने, अनोळखी माणसे आणि इतर कुत्री यांच्या धास्तीने त्याचे शरीर आखडलेले असते. घरात आल्यावर ते सैलावते. म्हणूनच भित्र्या कुत्र्याच्या बाबतीत स्वच्छतेचे शिक्षण भीती कमी करण्यापासून सुरू होते.

पहिली भेट पशुवैद्याची

प्रौढ कुत्रा वारंवार घरात लघवी करत असल्यास मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार किंवा सांधेदुखी यांची तपासणी आधी करून घ्यावी. आजार असेल तर कितीही शिकवले तरी उपयोग होत नाही. याच भेटीत रेबीजची लस द्यावी. महापालिकेच्या परवान्यासाठीही लसीकरणाचे प्रमाणपत्र लागते.

एक जागा, ठरलेल्या वेळा

उठल्यावर, प्रत्येक जेवणानंतर आणि झोपण्यापूर्वी कुत्र्याला एकाच माणसाने, एकाच शांत कोपऱ्यात न्यावे. वर्दळीच्या रस्त्यापेक्षा सोसायटीच्या मागील बाजूची मोकळी जागा बरी. पहाटेची वेळ सर्वांत सोयीची. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला मातीची सवय असते, तर पिंजऱ्यात राहिलेल्याला सिमेंटची. दुसऱ्याला घरातील फरशीही तशीच वाटते. त्यामुळे मातीची ओळख हळूहळू करून द्यावी. विधी उरकताच, दोन-तीन सेकंदांत, तिथेच खाऊ द्यावा. घरी पोहोचल्यावर दिलेल्या खाऊचा संबंध त्याला लागत नाही. बाहेर काहीच न झाल्यास घरात मोकळे सोडू नये. जवळ बांधून ठेवावे आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा न्यावे.

शिक्षा नको

नाक घासणे, ओरडणे, वर्तमानपत्राची गुंडाळी उगारणे या जुन्या पद्धती भित्र्या कुत्र्यासाठी घातक ठरतात. माणसासमोर विधी करणे धोक्याचे, एवढेच तो शिकतो. मग पलंगाखाली किंवा पडद्यामागे जाऊ लागतो आणि बाहेरही मालकासमोर अडून बसतो. कोणी अंगावर वाकताच कान पाडून, शेपूट आत घेऊन थोडी लघवी होत असेल, तर ती शरणागतीची खूण आहे. अशा वेळी नजर न रोखता बाजूला बसावे आणि त्याला स्वतःहून जवळ येऊ द्यावे.

फिनेलने पुसलेली जागा माणसाला स्वच्छ वाटली, तरी कुत्र्याच्या नाकाला जुना वास येतच राहतो. प्राण्यांच्या दुकानांत मिळणारे एन्झाइमयुक्त द्रावण वापरावे. अमोनिया असलेली द्रावणे टाळावीत, कारण त्यांचा वास लघवीशी जुळतो.

पावसाळा आणि सण

जून ते सप्टेंबर या काळात अनेक कुत्री ओल्या जमिनीवर पाय ठेवत नाहीत. बाल्कनीत माती किंवा हिरवळीचा ट्रे ठेवल्यास अडचण टळते. गणेशोत्सवातील ढोल-ताशे आणि दिवाळीतील फटाके यांमुळे महिन्यांची प्रगती एका रात्रीत मागे जाऊ शकते. त्या दिवसांत गोंगाट सुरू होण्यापूर्वीच फेरी आटोपावी. घाबरलेला कुत्रा गळपट्ट्यातून सुटून पळतो, म्हणून छातीचा पट्टाही बांधावा आणि गळपट्ट्यावर दूरध्वनी क्रमांक लिहावा.

काही कुत्री दोन-तीन आठवड्यांत स्थिरावतात, काहींना अनेक महिने लागतात. या टप्प्यावर कंटाळून कुत्रा परत केला, तर त्याने नुकताच ठेवू पाहिलेला विश्वास पुन्हा मोडतो आणि पुढचे घर त्याच्यासाठी अधिक अवघड होते. फरशी पुसून काढता येते. थोडा धीर धरला, तर ती पुसण्याची वेळही कमी होत जाते.