वाटाण्याच्या कुंड्या आणि जिवाणू खताची पुडी

तुरीचे, हरभऱ्याचे, भुईमुगाचे बेवड चांगले असते, म्हणजे या पिकानंतर त्याच जमिनीत घेतलेली ज्वारी किंवा गहू जोमदार येतो, हे आपल्याकडील शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. युरोपातील शेतकरीही क्लोव्हर नावाच्या द्विदल चाऱ्यानंतर धान्य पेरीत असत. असे का होते, या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात मात्र १९व्या शतकातील जवळजवळ ५० वर्षे गेली. विशेष म्हणजे त्या काळातील सर्वांत काटेकोर प्रयोगाने या प्रश्नाचे चुकीचे उत्तर दिले होते. हा इतिहास वर्गात सांगण्यासारखा आहे. कृषी सेवा केंद्रात मिळणारी रायझोबियमची पुडी कधी उपयोगी पडते आणि कधी पडत नाही, हेही त्यातूनच समजते.

नत्र येतो कुठून?

हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू असतो. प्रथिने तयार करण्यासाठी प्रत्येक वनस्पतीला नत्र हवा असतो. परंतु नत्रवायूच्या रेणूतील दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात, की वनस्पतींना तो जसाच्या तसा वापरता येत नाही. मग द्विदल पिकांना जास्तीचा नत्र मिळतो कुठून?

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बुसँगो यांनी १८३८ मध्ये यावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. वाळूत वाढवलेल्या क्लोव्हर आणि वाटाण्यात बियाण्यातल्यापेक्षा अधिक नत्र आढळला. गहू आणि ओट यांच्यात तो आढळला नाही. म्हणजे द्विदल वनस्पती हवेतील नत्र घेत असाव्यात. १८५० नंतर त्यांनी हेच प्रयोग अधिक काळजीपूर्वक केले. माती भाजून घेतली, झाडे बंद काचपात्रात वाढवली. या वेळी मात्र नत्रात काहीच वाढ दिसली नाही.

इंग्लंडमधील रोदमस्टेड येथे लॉज, गिल्बर्ट आणि प्यू या तिघांनी १८५७-५८ मध्ये आणखी कडक बंदोबस्त केला. माती खूप तापवून घेतली, झाडे काचेच्या आवरणाखाली ठेवली, आत जाणारी हवा गंधकाम्लातून धुऊन सोडली, म्हणजे तिच्यातील अमोनियाचा अंशही राहू नये. निष्कर्ष तोच निघाला. वनस्पती हवेतील नत्र घेत नाहीत. प्रयोग इतका नेटका होता, की बहुतेकांनी तो अंतिम मानला. कोडे एवढेच होते, की रोदमस्टेडच्याच शेतात क्लोव्हरनंतरच्या बार्लीला नत्र भरपूर मिळत होता! प्रयोगशाळा एक सांगत होती आणि शेत दुसरेच.

काही कुंड्या हिरव्या, काही पिवळ्या

जर्मनीतील बर्नबुर्ग येथील प्रयोगकेंद्राचे संचालक हेलरीगेल आणि त्यांचे सहकारी विल्फार्थ वाळूच्या कुंड्यांत पिके वाढवीत होते. वाळूत नत्र सोडून बाकीची खनिजे घातलेली असत. ओट आणि बार्ली यांचे वागणे अगदी सरळ होते. जितका नत्र द्यावा तितके पीक, आणि नत्र नसेल तर उपासमार. वाटाण्याचे तसे नव्हते. नत्र न दिलेल्या एका कुंडीतील रोप पिवळे पडून मरे, तर शेजारच्या कुंडीतील रोप काही दिवस खुरटून मग एकाएकी हिरवेगार होई. अशा वेळी सर्व कुंड्यांची सरासरी काढून मोकळे होणे सोपे असते. हेलरीगेल यांनी तसे केले नाही. सारख्याच कुंड्या वेगळ्या का वागतात, हाच प्रश्न त्यांनी धरून ठेवला.

उपटून पाहिले तेव्हा जोमदार रोपांच्या मुळांवर गाठी होत्या, उपाशी रोपांच्या मुळांवर नव्हत्या. या गाठी नव्या नव्हत्या. १७व्या शतकात इटलीच्या मालपिगी यांनी त्या पाहिल्या होत्या आणि १८६६ मध्ये रशियाच्या व्होरोनिन यांना त्यांच्या आत जिवाणूंसारखे सूक्ष्म कण दिसले होते. परंतु नत्राशी त्यांचा संबंध कोणी पक्का केला नव्हता.

हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी वाळू निर्जंतुक केली आणि काही कुंड्यांत सुपीक मातीत कालवलेले थोडे पाणी घातले. त्या कुंड्यांतील वाटाणे वाढले, त्यांना गाठी आल्या. तेच पाणी उकळून घातले, तर काहीच झाले नाही. म्हणजे मातीतील ती वस्तू जिवंत होती. आणखी एक गोष्ट दिसली. वाटाण्याला चालणारी प्रत्येक माती ल्युपिनला चालेना. ज्या रेताड जमिनीत ल्युपिन होत असे, तिथलीच माती त्याला लागे. प्रत्येक पिकाचा जोडीदार वेगळा होता.

सप्टेंबर १८८६ मध्ये बर्लिनच्या विज्ञान संमेलनात हेलरीगेल यांनी हे जाहीर केले. रोदमस्टेडचे गिल्बर्ट त्या वेळी हजर होते. पुढे लॉज आणि गिल्बर्ट यांनी हे प्रयोग स्वतः करून पाहिले आणि निष्कर्ष मान्य केला. ३० वर्षांपूर्वी माती भाजताना त्यांनी उत्तर देणारा जीवच मारून टाकला होता. १८८८ मध्ये हॉलंडमधील डेल्फ्ट येथे बायेरिंक यांनी गाठींतून जिवाणू वेगळा करून वाढवला. १८८९ मध्ये त्याला रायझोबियम हे नाव मिळाले.

बाटली, कापूस आणि पुडी

जिवाणू वाढवता येतो, तर तो शेतकऱ्याला का देऊ नये? जर्मनीतील नोब्बे आणि हिल्टनर यांनी १८९६ मध्ये 'नायट्रॅजिन' या नावाने पहिले जिवाणू खत बाजारात आणले. निरनिराळ्या पिकांसाठी निरनिराळ्या बाटल्या होत्या. पण बाटलीतील जिवाणू उष्णतेने आणि उजेडाने लवकर मरत, त्यामुळे फळ अनिश्चित होते. १९०४ च्या सुमारास अमेरिकेच्या कृषी खात्याने कापसावर वाळवलेले जिवाणू शेतकऱ्यांना वाटले. पुढच्याच वर्षी तपासणी झाली, तेव्हा त्या कापसावर जिवंत जिवाणू जवळजवळ उरलेच नव्हते. पुढे ओलावा धरून ठेवणाऱ्या पीट मातीत जिवाणू जास्त काळ टिकतात असे आढळले. आपल्याकडे त्यासाठी लिग्नाइटची पूडही वापरतात.

मेलेले जिवाणू आणि जिवंत जिवाणू यांची भुकटी डोळ्यांना सारखीच दिसते. युरियाचे पोते वर्षभर ठेवले तरी त्यातील नत्र फारसा बदलत नाही. जिवाणूंची पुडी एक दुपार उन्हात राहिली तरी निकामी होऊ शकते, आणि पैसे देणाऱ्याला ते कळत नाही. म्हणूनच भारतात २००६ मध्ये जिवाणू खते खत नियंत्रण आदेशाखाली आली. आधारद्रव्यावरील रायझोबियम खताच्या प्रत्येक ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असावेत, असा दंडक आहे.

या खताने काय साधते, हे सोयाबीनवरून कळते. ब्राझीलमध्ये योहाना डोबेराइनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या आग्रहामुळे सोयाबीनचे संशोधन जिवाणूंवर भर देऊन झाले. आज तेथील सोयाबीनला रासायनिक नत्र जवळजवळ देत नाहीत. आपल्याकडेही अमेरिकेतून आलेल्या वाणांना सुरुवातीला येथील जमिनीत पुरेसे जोडीदार मिळत नसत, म्हणून बियाण्याला जिवाणू चोळणे महत्त्वाचे ठरले. उलट, जिथे योग्य जिवाणू आधीच भरपूर आहेत, तिथे पुडीचा फरक दिसेलच असे नाही. भरपूर युरिया दिला तरी गाठी कमी येतात.

आता हेलरीगेल यांचे निष्कर्ष आणि पुडीवरील सूचना शेजारी शेजारी ठेवून वाचा. पुडी त्याच पिकाची घ्या. मुदत पाहा. २५० ग्रॅमची पुडी गुळाच्या थंड पाण्यात कालवून १० ते १५ किलो बियाण्याला चोळा, सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी लावा, रायझोबियम सर्वांत शेवटी. हरभऱ्याच्या मर रोगासाठी वापरतात ती ट्रायकोडर्मा बुरशीही जिवंतच असते, तिलाही हीच काळजी लागते.

शाळेत हा प्रयोग करता येईल. धुतलेली वाळू तासभर उकळून कुंड्यांत भरा, चिमूटभर लाकडाची राख मिसळा आणि मूग पेरा. काही कुंड्यांत मुगाच्या शेतातील मातीचे पाणी घाला, काहींत तेच पाणी उकळून, थंड करून, आणि काहींत नुसते उकळून थंड केलेले पाणी. पहिले २-३ आठवडे बियाण्यातील नत्रावरच रोप जगते, म्हणून घाई करू नका. फुले येऊ लागली की रोपे अलगद काढून गाठी मोजा. एखादी गाठ चिरून पाहा. आतून गुलाबी असेल तर ती काम करीत आहे. नोंद मात्र प्रत्येक कुंडीची स्वतंत्र ठेवावी, आणि एखादी कुंडी बाकीच्यांसारखी वागली नाही तर विद्यार्थ्यांना तिचे कारण शोधायला सांगावे.