फराळाचे ताट : एका जुन्या रिवाजाचा मागोवा

आपल्या आगरी ज्ञातीचा इतिहास सांगताना मिठागरे, खाजण जमिनी आणि १९३३ ते १९३९ पर्यंत चाललेला अलिबाग तालुक्यातील चरीचा शेतकरी संप यांचा उल्लेख अभिमानाने केला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु चुलीपाशी जो इतिहास घडला त्याला बखरकार लाभला नाही. सणासुदीस घरोघर जे फराळाचे ताट रुमालाखाली झाकून जात असे, ते या न लिहिलेल्या इतिहासाचे एक पान आहे. त्याचाच थोडा मागोवा येथे घेण्याचे आम्ही योजिले आहे.

भाईंदर स्टेशनाकडून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धा, राई व मोर्वा ही आपली गावे आहेत. 'आगर' या शब्दाचे दोन अर्थ आहेत : एक मिठाचे आगर व दुसरा नारळी-पोफळीची वाडी. पावसाळ्यात भात व उघडिपीत मीठ, असे येथील कष्टकऱ्यांचे वर्ष विभागलेले असे. दिवाळी नेमकी या दोहोंच्या सांध्यावर येते. हळवे भात कापून झालेले असते आणि मिठागरांची कामे अंगावर पडावयाची असतात. घरात रोख पैसा थोडा, पण नवा तांदूळ व नारळ हाताशी असत. तेव्हा फराळ या दोन जिनसांभोवतीच रचला गेला, यात नवल नाही. नव्या भाताचे पोहे, खोबरे-गुळाच्या करंज्या आणि तांदूळ-गुळाचे अनारसे हे पदार्थ श्रीमंतीतून आलेले नाहीत. विकत आणावयाचा तो बहुधा गूळ आणि तेल. बाकीचे शेताचे, वाडीचे आणि हातांचे.

अनारशाचेच पाहा. तांदूळ तीन दिवस भिजवावयाचे, रोज पाणी बदलावयाचे, मग सावलीत सुकवून कुटावयाचे. त्यात गूळ मिसळून पीठ मुरत ठेवावयाचे आणि शेवटी खसखशीवर थापून मंद आचेवर तळावयाचे. साहित्याचे मोल अल्प, पण आठवड्याचे लक्ष त्यात गुंतलेले. असा अनारसा शेजारी धाडणे म्हणजे आपल्या श्रमाचा वाटा धाडणे होय. सुदाम्याच्या पोह्यांची कथा आपल्या समाजास इतकी प्रिय का, याचे उत्तर यात सापडते.

काळानुसार ताटातील जिन्नस बदलले. एकोणिसाव्या शतकात मॉरिशसची साखर मुंबई बंदरात उतरू लागली. तिला आपल्या लोकांनी 'मोरस' साखर म्हटले. गुळाची जागा ती हळूहळू घेऊ लागली. १९३७ साली 'डालडा' बाजारात आला. माडाचे चित्र असलेला त्याचा रिकामा डबा पुढे कित्येक घरांत चकल्या-शेव ठेवण्याचा डबा झाला. दुसऱ्या महायुद्धात टंचाई आली. मे १९४३ पासून मुंबईत शिधापत्रिकेवर धान्य मिळू लागले आणि साखरही मोजून मिळे. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि पुढील काळात सहकारी कारखान्यांची साखर खेडोपाडी पोहोचली. ताटातील जिन्नस असे बदलत गेले, तरी शेजारी ताट धाडण्याचा रिवाज टिकून राहिला.

हा रिवाज धर्माच्या कुंपणापाशीही अडला नाही. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली व १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. या दोनशे वर्षांत उत्तन-डोंगरीकडील आपल्या अनेक शेजाऱ्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तरी त्यांच्या नाताळच्या फराळात आपल्या करंजीचीच चंद्रकोर दिसते. गोव्यात तर हीच नेवरी चतुर्थीलाही होते आणि नाताळच्या 'कुस्वार'च्या ताटातही मानाने बसते. दिवाळीचे ताट तिकडे जावे व नाताळचे इकडे यावे, हा शेजारधर्म उपदेश न करता पाळला गेला.

या रिवाजाचे काही अलिखित नियम होते. आलेले ताट रिकामे परत करू नये. काही नसेल तर चिमूटभर साखर तरी त्यात घालावी. देताना 'फूल नाही तर फुलाची पाकळी' म्हणावे, म्हणजे घेणाऱ्यास ओझे वाटत नाही. आणि सर्वांत थोर नियम हा की, ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला असेल तेथे कढई चढत नाही. अशा घरी शेजाऱ्यांनी व आप्तांनी फराळ पोहोचता करावा. त्या घरातील मुलांच्या हाती करंजी पडे, ती शेजारच्या चुलीवरची. दुःखी कुटुंबास सणातून वगळू नये, ही व्यवस्था आपल्या आयाबहिणींनी केलेली आहे. खोतीच्या काळी कुळांकडून भाजीपाला, कोंबडी व वेठ घेतली जाई. ती सक्तीची देणी होती. ताटाची देवघेव मात्र बरोबरीच्या माणसांची होती. हा भेद आपण विसरता कामा नये.

२००२ साली मिरा-भाईंदर महानगरपालिका झाली. शेते व वाड्या जाऊन इमारती आल्या आणि त्यांबरोबर सुक्या मेव्याची चकचकीत खोकी आली. खोक्यावर किंमत असते, आणि किंमत आली की तुलना येते. ज्याला तितक्या मोलाचे खोके परत देणे परवडत नाही तो हळूच जाणे-येणे कमी करतो. आमच्या शिक्षकी पेशात आम्ही हे लहान प्रमाणावर पाहिले आहे. संक्रांतीस काही मुले दुकानातील रंगीत हलव्याची पाकिटे आणू लागली, त्या वर्षापासून घरच्या तिळगुळाची पुडी आणणारी मुले ती खिशातच ठेवू लागली. आम्हांस भीती वाटते ती याचीच. साखरेच्या टंचाईने जे मोडले नाही ते संकोचाने मोडेल.

नोकरी करणाऱ्या सुना-लेकींवर याचा दोष टाकणे अन्यायाचे होईल. दहा पदार्थांचा आग्रह सोडावा; एकच करावा व घरातील पुरुषांनीही हात लावावा. पाव किलो भाजलेले तीळ, पाव किलो चिकीचा गूळ, थोडे दाण्याचे कूट व वेलची, एवढ्यात चाळीसेक लहान वड्या सहज होतात. दोन वाट्या खोवलेला नारळ व दीड वाटी साखर मंद आचेवर आटवून, गोळा कडा सोडू लागताच तूप लावलेल्या ताटात थापावा. अर्ध्या तासाचे काम आहे. पातळ पोह्यांचा चिवडा तर मुलेही करू शकतील, आणि कागदाच्या पुड्या त्यांनीच बांधाव्यात.

ज्ञातिबंधु-भगिनींस आमची एवढीच विनंती आहे की, येत्या दिवाळीस प्रत्येक घराने हाताने केलेला एक तरी पदार्थ तीन घरी द्यावा : एक आप्ताच्या, एक परक्या शेजाऱ्याच्या, आणि एक त्या घरी, जेथे यंदा कढई चढणार नाही.