बटण दाबलं की गाडी वर

गाडी 'लो' करायची असेल तर आज बाजारात कॉइलओव्हर मिळतात. शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या (गॅरेजच्या भाषेत 'शॉकअप') अंगावर आटे पाडलेले असतात, त्यावरची रिंग फिरवली की स्प्रिंगची बैठक वर-खाली सरकते आणि गाडी हवी तेवढी खाली बसते. ज्यांचं एवढ्याने भागत नाही ते एअर सस्पेन्शन बसवतात. मग पान्याचीही गरज नाही, सीटवर बसल्या बसल्या बटण दाबायचं. गाडी खाली, पुन्हा दाबलं की वर.

कारखान्यातून अशी वर-खाली होणारी गाडी पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आणली ती सित्रोएनने, १९५५ साली, डी.एस. या मॉडेलमध्ये. ते काम पगारी इंजिनिअरांचं. पण घरच्या गॅरेजमध्ये, जुन्या बाजारातलं सामान वापरून हाच उद्योग केला गेला कॅलिफोर्नियात, आणि तोही चक्क एका कायद्याच्या कलमामुळे. स्पेसिफिकेशन वाचून त्यातली फट शोधणं हा आमच्या धंद्यातला आवडता खेळ असल्यामुळे मला ही गोष्ट फार जवळची वाटते.

तर गोष्ट अशी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन लोकांची मोठी वस्ती होती. शहराचं या पोरांशी फारसं पटत नव्हतं. १९४३ च्या जूनमध्ये खलाशी आणि सैनिकांनी रस्त्यावर उतरून ढगळ 'झूट सूट' घालणाऱ्या मेक्सिकन तरुणांना शोधून शोधून मारलं, कपडे फाडले, आणि पोलिसांनी बरेचदा अटक केली ती मार खाणाऱ्यांनाच. युद्ध संपलं. पोरं सैन्यातून परत आली, काहींनी विमानांच्या कारखान्यांत काम केलेलं होतं, हातात थोडा पैसा होता. जुन्या शेवरोले गाड्या घेणं परवडायला लागलं.

त्या वेळी गोऱ्या पोरांमध्ये हॉट रॉडचं वेड होतं. म्हणजे जुनी गाडी, मोठं इंजिन आणि सुसाट वेग. या पोरांनी नेमकं उलटं केलं. गाडी जितकी खाली घेता येईल तितकी घ्यायची, चकाचक रंगवायची आणि शनिवार-रविवारी संध्याकाळी मुख्य रस्त्यावरून अगदी सावकाश न्यायची. स्पॅनिशमध्ये त्याचा मंत्र आहे 'बाहितो इ सुआवेसितो'. खाली आणि हळुवार. पुढे या गाड्यांना आणि त्या चालवणाऱ्यांना 'लोरायडर' हे नाव पडलं.

खाली घ्यायची कशी? सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे डिकीत वाळूची पोती टाकायची. पोती काढली की गाडी पुन्हा होती तशी. त्याच्या पुढची पायरी म्हणजे स्प्रिंगचे एक-दोन वेढे कापून टाकायचे, किंवा गॅसच्या ज्वाळेने स्प्रिंग तापवायची, म्हणजे ती गाडीच्या वजनाने आपोआप बसते. मागे पाटे असतील तर एक्सल आणि पाट्यांच्या मध्ये ठोकळे घालायचे. यातला प्रत्येक उपाय कुठेतरी किंमत वसूल करतोच. कापलेली स्प्रिंग आखूड होते तशीच कडकही होते, तापवलेल्या स्प्रिंगच्या पोलादाचं पाणी उतरतं, आणि चाकाला वर जायला जागाच न उरल्यामुळे प्रत्येक खड्डा थेट माकडहाडापर्यंत पोचतो. पण खरी अडचण वेगळीच होती. एकदा खाली घेतलेली गाडी कायमची खाली. चढावाच्या तोंडाशी, पेट्रोल पंपाच्या उंबरठ्याशी ती घासणारच.

आणि मग आला कायदा. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्याचं कलम २४००८. १ जानेवारी १९५८ पासून, बदल केलेल्या प्रवासी गाडीचा, चाकं सोडून, कोणताही भाग रिमच्या सगळ्यात खालच्या कडेपेक्षा जमिनीच्या जवळ असता कामा नये, असं त्यात म्हटलेलं होतं. कागदावर हे अगदीच वेड्यासारखं नाही. टायर फुटला तर गाडी रिमवर येते, आणि चासी रिमच्याही खाली असेल तर ती रस्त्यावर फरफटणार. तर्क ठीक आहे. पण पट्टी घेऊन कोणाची गाडी मोजायची हे शेवटी रस्त्यावरचा पोलीस ठरवतो. पावत्या कोणाच्या फाटल्या हे सांगायला नको.

पावत्या फाटलेल्यांत रॉन अगीरे नावाचा एक तरुण होता. त्याच्याकडे १९५६ ची शेवरोले कॉर्वेट होती, जिला पुढे 'एक्स-सॉनिक' म्हणून नाव मिळालं. १९५९ च्या सुमारास त्याने त्या गाडीत विमानातले हायड्रॉलिक पंप बसवले. आता हे पंप आले कुठून? दक्षिण कॅलिफोर्निया म्हणजे विमानांचं माहेरघर. डग्लस, लॉकहीड, नॉर्थ अमेरिकन, सगळे तिथलेच. युद्धानंतर लष्कराचं जादा सामान विकणाऱ्या दुकानांत पेस्को कंपनीचे पंप, व्हॉल्व्ह आणि सिलिंडर स्वस्तात मिळायचे. विमानाचा पंप हलका, आकाराने छोटा आणि विजेवर चालणारा. म्हणजे गाडीसाठीच बनवल्यासारखा!

आता पोलीस दिसला की बटण दाबायचं. गाडी काही इंच वर. पट्टी लावा, रिमच्या खाली काहीही नाही. पोलीस गेला की पुन्हा बटण, गाडी खाली. कलमातला एक शब्दही मोडला नाही... निदान कोणी बघत असताना तरी नाही.

एक्स-सॉनिक ही प्रदर्शनात मांडण्याची गाडी होती, पण युक्ती रस्त्यावर उतरायला वेळ लागला नाही. आणि रस्त्यावर तिला सगळ्यात योग्य गाडी मिळाली ती शेवरोले इम्पाला. याला कारणं आहेत. १९५८ ते १९६४ च्या इम्पालाची चासी इंग्रजी एक्स अक्षराच्या आकाराची होती, कडेने लांब पट्ट्याच नाहीत, त्यामुळे बॉडी बरीच खाली आणता यायची. शिवाय चारही चाकांना कॉइल स्प्रिंग. हायड्रॉलिक सिलिंडर स्प्रिंगच्या डोक्यावर बसतो. पंपाने तेल रेटलं की तो चासी आणि स्प्रिंग यांच्यातलं अंतर वाढवतो आणि गाडी वर जाते. परतीचा व्हॉल्व्ह उघडला की गाडीचं वजनच तेल टाकीत परत ढकलतं. झालं. खाली यायला पंप लागतच नाही.

यात एक गोम आहे. तेल दबत नाही. सित्रोएनच्या गाडीत तेलाच्या जोडीला नायट्रोजन भरलेले गोळे असतात, तो वायू दबतो आणि तोच स्प्रिंगचं काम करतो. या घरगुती जुगाडात तसं काही नव्हतं, सगळे धक्के स्प्रिंगच्या उरलेल्या लांबीने सोसायचे. (पुढे लोकांनी यातही नायट्रोजनच्या बाटल्या जोडायला सुरुवात केली.) विमानाचे पंप मिळेनासे झाले तेव्हा ट्रकच्या मागच्या, माल चढवायच्या लिफ्टचे पंप वापरात आले. ते जास्त दणकट. पंपाला जितक्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडाल तितका वेग जास्त, म्हणून डिकीत बॅटऱ्यांच्या रांगा लागल्या. गाडी नुसती उचलायच्या ऐवजी उडवायच्या स्पर्धा सुरू झाल्या, चासीला जागोजागी जाड पत्रे वेल्ड करावे लागले. सुरुवात कशातून झाली होती आणि गाडी कुठे जाऊन पोचली!

इथे थोडं विषयांतर. १९८१ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये नियम आला की गाडी आणि जमीन यांच्यात ६ सेंटिमीटर अंतर हवं. धावत्या गाडीखाली पट्टी कोण धरणार? म्हणून मोजमाप पिटमध्ये, उभ्या गाडीचं. ब्राबमच्या गॉर्डन मरेने बीटी ४९ सी या गाडीला असं सस्पेन्शन दिलं की वेगात हवेच्या दाबाने ती खाली बसायची आणि पिटमध्ये परतेपर्यंत सावकाश वर यायची. तपासणीच्या वेळी बरोब्बर ६ सेंटिमीटर. त्या वर्षी नेल्सन पिके विश्वविजेता झाला आणि आरडाओरडा करून झाल्यावर इतर टीम्सनीही तेच केलं. युक्ती तीच, पण मरेला इतिहासात जिनियस म्हटलं जातं आणि इम्पालावाल्यांच्या पोलीस रेकॉर्डमध्ये नोंदी होत राहिल्या.

पूर्व लॉस एंजेलिसमधला व्हिटियर बुलेवार्ड हा या गाड्यांचा मुख्य रस्ता. २९ ऑगस्ट १९७० ला व्हिएतनाम युद्धाविरुद्ध चिकानो लोकांचा हजारोंचा मोर्चा निघाला होता. तो पोलिसांनी उधळला, आणि त्याच दिवशी याच रस्त्यावरच्या एका बारमध्ये बसलेला पत्रकार रुबेन सालाझार शेरीफच्या माणसाने झाडलेल्या अश्रुधुराच्या नळकांड्याने मारला गेला. त्या रस्त्यावरून सजवलेली गाडी दर शनिवारी सावकाश नेणं, याला आपण इथे आहोत हे सांगण्याचाही एक अर्थ होता. १९७४ मध्ये 'चिको अँड द मॅन' या टीव्ही मालिकेच्या सुरुवातीला जेसी वालादेसची गुलाबांनी रंगवलेली १९६४ ची इम्पाला 'जिप्सी रोझ' देशभर दिसली. १९७७ मध्ये सॅन होझेत 'लोरायडर' मासिक निघालं.

गाडीची उंची मोजून ही माणसं आवरत नाहीत म्हटल्यावर शहरांनी पट्टी सोडून घड्याळ हातात घेतलं. सॅन होझेने १९८६ मध्ये, नॅशनल सिटीने १९९२ मध्ये 'क्रूझिंग' बंदी आणली. ठरलेल्या जागेवरून ठरलेल्या वेळात पुन्हा पुन्हा गेलात की गुन्हा. आमच्या भाषेत सरळसरळ रेट लिमिटिंग! मी हे वाचून आधी हसलो, मग तितकंसं हसू आलं नाही. कारण या नियमाला कोणताही पंप उपयोगाचा नव्हता. गाडी वर उचलता येते, पण फेरी मारलीच नाही असं कसं दाखवणार? रांगेत गर्दी होत होती, कधी मारामाऱ्याही होत होत्या, हे खरं. पण त्या मारामारी करणाऱ्यांना पकडायला वेगळे कायदे होतेच की.

हे हटवायला क्लबांना, म्हणजे आता नातवंडं असलेल्या माणसांना, कौन्सिलच्या बैठकांत वर्षानुवर्षं बोलावं लागलं. सॅन होझेने २०२२ मध्ये बंदी उठवली, नॅशनल सिटीने २०२३ मध्ये. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्याच्या एबी ४३६ या विधेयकावर गव्हर्नरची सही झाली आणि १ जानेवारी २०२४ पासून क्रूझिंग बंदी करण्याचा शहरांचा अधिकारही गेला आणि कलम २४००८ सुद्धा गेलं. जिप्सी रोझ त्याआधीच, २०१७ मध्ये, वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर काचेच्या पेटीत मांडून झाली होती. वालादेस मात्र ते बघायला नव्हता, तो २०११ मध्येच गेला.

आता रिमच्या खाली चासी असली तरी कॅलिफोर्नियात त्या कलमाखाली पावती फाटत नाही, म्हणजे गाडी वर उचलायची तेवढ्यासाठी गरज उरलेली नाही. तरी हौशी लोक अजूनही जुन्या विमानांचे पेस्को पंप शोधत फिरतात, चांगली किंमत मोजून घेतात, पॉलिश करून डिकीत काचेखाली बसवतात. मऊ बसायला आणि रोजच्या वापराला एअर सस्पेन्शन सोयीचं पडतं, हे त्यांनाही माहीत असतं.