शेला, पागोटे आणि गळ

बुटांचा रिकामा खोका, त्याला वरून ब्लेडने पाडलेली बोटभर फट आणि भोवती गुंडाळलेला, गॅदरिंगमधून उरलेला लाल जिलेटीन कागद. सिन्नरच्या कुठल्याही माध्यमिक शाळेत जानेवारी सरता सरता दहावीच्या वर्गात असा खोका दिसला की समजावं, सेंड ऑफ जवळ आला. खोका काही दिवस टेबलावर राहतो. त्यात चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याच्यावर लिहिलंय त्याचं नाव टाकायचं, लिहिणाऱ्याचं नाही. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कुणी डाव्या हाताने लिहितं, कुणी धाकट्या बहिणीकडून लिहून घेतं. मग एखादे सर नाहीतर बाई स्टाफरूममध्ये बसून चिठ्ठ्या निवडतात. बऱ्याचशा फाडून टाकतात, हसू आवरत. उरलेल्या समारंभात वाचल्या जातात. याला म्हणायचं फिशपाँड.

चिठ्ठ्या दोन जातींच्या. एकीत तुम्ही आज कसे आहात ते, दुसरीत तुम्ही पुढे काय होणार ते. दुसरी जास्त रंगते. शिवाय नुसती चिठ्ठी वाचून भागत नाही, तिच्याबरोबर वस्तू द्यावी लागते. बडबड्या मुलीला भोंगा, वर्गात झोपणाऱ्याला उशीची खोळ, टक्कल पडू लागलेल्या सरांना कंगवा. सरांनी तो हसत खिशाला लावला की सभागृह डोक्यावर!

आता हे तळं आलं कुठून? इंग्लंडात चर्चच्या मदतीसाठी जत्रेवजा बाजार भरत, त्यात 19व्या शतकात ‘फिश पाँड’ नावाचा ठेला हमखास असे. समोर पडदा. पैसे भरून पोराने हातात काठी घ्यायची आणि दोऱ्याचा आकडा पडद्यापलीकडे सोडायचा. पलीकडे लपलेलं माणूस आकड्याला एक पुडकं अडकवून दोऱ्याला हिसका देई. पुडक्यात शिट्टी निघते की साबण, ते उघडल्यावरच कळायचं. साहेबाबरोबर ‘फॅन्सी फेअर’ इथे आली, तिच्यासोबत हा खेळही आला. कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये मात्र काठी गेली, दोरा गेला, पडदा गेला. टिकून राहिलं ते दोनच: देणारा दिसत नाही, आणि हातात काय पडणार ते आधी कळत नाही. पुडक्याऐवजी आता शब्द निघू लागले.

पण नुसतं परकं रोप इतकं फोफावत नाही. महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी याच प्रकाराला शेलापागोटे म्हणतात, आणि माझ्या मते खरं कूळ तिथे सापडतं. शेला आणि पागोटं हा मानाचा आहेर. कीर्तनकाराचा, व्याह्याचा, गावात आलेल्या थोर पाहुण्याचा सत्कार करायचा तर चारचौघांत हे द्यायचं. चारचौघांत टर उडवण्यालाही तेच नाव देणं हा अस्सल मराठी तिरकसपणा. शालजोडीतले देणारे आपण. त्यामुळे इंग्रजी पुडकं आणि मराठी आहेर यांची सोयरीक चटकन जुळली. फिशपाँडबरोबर वस्तू द्यायची रीत दोन्ही घरची आहे. ती वस्तू फार महत्त्वाची. वस्तू हातात पडली की तो सत्कार ठरतो, आणि सत्कारमूर्तीला रागावता येत नाही.

रागावता येत नाही, याची सोय आपल्याकडे जुनी आहे. शिमग्याला कुणी कुणाच्या नावाने बोंब मारली तरी तक्रार नाही. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यातल्या सुखेड आणि बोरी या गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि हलगीच्या तालावर एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. त्याला बोरीचा बार म्हणतात. ही सगळी मुभा तिथीपुरती. तिथी सरली की मुभा सरली. सेंड ऑफलाही तोच कायदा लागू असतो. जे वाक्य त्या दुपारी टाळ्या घेतं, तेच दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत म्हटलं तर कानाखाली बसते.

भविष्याच्या चिठ्ठीचा वंश आणखी वेगळा. कुडमुड्या जोशी, पहाटे येणारा पिंगळा, गुबूगुबू वाजवत येणारा नंदीबैलवाला, ही आपली दारावर येणारी भविष्यवाणी. ती कुणी फारशी खरी मानत नसे, पण ऐकायला सगळं घर दारात यायचं. पैठणच्या एकनाथ महाराजांनी 16व्या शतकात भारुडं रचली, त्यांत एक जोशी आहे. तो पंचांग घेऊन येतो, समोरच्यांचा होरा सांगतो आणि सांगता सांगता त्यांचीच उलटतपासणी घेतो. भविष्याच्या नावाखाली आजच्या वागण्यावर बोट ठेवायचं, ही युक्ती इतकी जुनी आहे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये झूल पांघरलेला नंदीबैल आणून, ‘हा पास होईल का?’ असं विचारलं की बैलाच्या पोटातल्या दोन पोरांनी मान हलवायची, हा तर ठरलेला आयटम. बैलाचं तोंड पुढच्या पोराच्या ताब्यात, म्हणून त्याच्याशी वैर घेऊ नये.

अमेरिकेत याचं एक चुलत भावंड आहे. तिकडच्या कॉलेजांत 19व्या शतकात पदवीदानाच्या सुमारास ‘क्लास डे’ साजरा होऊ लागला. त्यात वर्गाची कविता, वर्गाचा इतिहास, वर्गाचं मृत्युपत्र आणि वर्गाचं भविष्य वाचलं जाई, आणि पुढे हायस्कुलांनीही ते उचललं. मृत्युपत्रात जाणारी मुलं आपला आळस, आपला बाक, आपली उधारी मागच्या वर्गाच्या नावे करून जातात. हे इकडे कुणी आणलं असतं तर जोरात चाललं असतं.

पण त्यांच्या आणि आपल्या भविष्यात एक मोठा फरक आहे. तिकडे हा समारंभ सगळं पार पडल्यावर होतो. पदवी हातात आलेली असते किंवा आल्यातच जमा असते. आपला सेंड ऑफ परीक्षेच्या आधी. हॉल तिकीट एका हातात आणि फिशपाँड दुसऱ्या. त्यामुळे आपल्या विनोदाला भीतीची किनार आहे, आणि ती थेट परीक्षेच्या इतिहासातून आलेली आहे. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक 1859 साली झाली. न्यायमूर्ती रानडे त्या पहिल्या तुकडीतले. पुढे नव्वद वर्षं मॅट्रिक हा शब्दच धसका होता. 1949 पासून एस.एस.सी. आली, अकरावीला. मग 10+2+3चा नवा आकृतिबंध आला आणि 1975च्या मार्चमध्ये नवी दहावी आणि जुनी अकरावी अशा दोन तुकड्या एकाच वर्षी बोर्डाला बसल्या. मोठा भाऊ आणि धाकटी बहीण एकदम एस.एस.सी. झाल्याची घरं त्या वर्षी गावोगाव होती.

नापास झालेल्यांसाठी ऑक्टोबर. जुन्या फिशपाँडांत हा महिना सगळ्यात जास्त वेळा येतो. ‘ऑक्टोबरची वारी’, ‘ऑक्टोबरचा वारकरी’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नसे. सिन्नरचं ग्रामदैवत भैरवनाथ, म्हणून इकडच्या यमकाला तोच धावून यायचा:

मार्च येतो, मार्च जातो, याला काय त्याचे,
ऑक्टोबरला नवस आहेत भैरवनाथाचे.

2015पासून बोर्डाने फेरपरीक्षा जुलैमध्ये घ्यायला सुरुवात केली आणि एका झटक्यात हा सगळा विनोद बाद झाला. आजच्या दहावीच्या पोराला ऑक्टोबरमध्ये हसण्यासारखं काय आहे तेच कळत नाही. पुढे गुणपत्रिकेवरून ‘नापास’ हा शेराही गेला आणि त्या जागी ‘कौशल्य विकास कार्यक्रमास पात्र’ असं काहीसं आलं. चिठ्ठ्या निवडणाऱ्या एखाद्या बाईंनी ही चिठ्ठी बहुधा फाडली असती. बोर्डाने ती छापली.

यमकाचं म्हणाल तर तेही आकाशातून पडलेलं नाही. 1920च्या दशकात अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावाने ‘झेंडूची फुले’ लिहिली आणि मराठी मध्यमवर्गाला विडंबनाची चटक लावली. अत्रे स्वतः पुण्यात कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे हेडमास्तर होते. मुलांना काय हसवतं ते त्यांना बाकांसमोर उभं राहून कळलेलं होतं. ओळखीची चाल घ्यायची आणि तीत भलताच ऐवज भरायचा, हे तंत्र तिथून गॅदरिंगमध्ये झिरपलं. नंतर कवितेची जागा सिनेमाच्या गाण्याने घेतली, आणि आता मालिकांच्या शीर्षकगीतांनी.

या चिठ्ठ्या जपून ठेवल्या जात नाहीत याचं मला फार वाईट वाटतं, कारण गावाचा इतिहास त्यांत असतो. सिन्नरचं उदाहरण घ्या. एके काळी हे बिडीचं गाव. घरोघरी मांडीवर सूप घेऊन बायका बिड्या वळत, मजुरी हजाराच्या हिशेबाने. त्या काळच्या मुलासाठी वर्गमित्र कल्पून कल्पून काय कल्पणार? बिडी कारखान्यातला दिवाणजी, पाटबंधारे खात्यातला कारकून, फारच झालं तर नाशिकरोडच्या प्रेसमधली नोकरी. ‘प्रेस’ म्हणजे नोटा छापणारी प्रेस. तिथे लागलेला मुलगा लग्नाच्या बाजारात पहिल्या नंबरावर. ओझरला विमानांचा कारखाना निघाल्यावर ‘मिग’ चिठ्ठीत शिरलं. आणि एस.टी. तर कायमचीच:

खिडकीत बसून मोजतो येणारी-जाणारी यष्टी,
कंडक्टर होऊन सांगेल मोहदरी घाटातल्या गोष्टी.

सोबत पुठ्ठ्याचा तिकीट पंच. हसायचे सगळे, पण ज्याला मिळाला तो मनातून खूश, कारण एस.टी.ची नोकरी म्हणजे पेन्शन नसली तरी पगार ठरल्या तारखेला.

मग मुसळगावची औद्योगिक वसाहत आली, माळेगावची एमआयडीसी आली. चिठ्ठ्यांत ‘शिफ्ट’, ‘ओव्हरटाइम’, ‘ठेकेदार’ हे शब्द दिसू लागले. गुळवंचला 1350 मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प उभा राहिला आणि बांधून झाल्यावरही वर्षानुवर्षं बंद पडून राहिला. त्याचं सगळ्यात नेमकं वर्णन एका ओळीच्या फिशपाँडमध्येच बसतं: ‘गुळवंचच्या प्रकल्पासारखा, उभा आहे, चालू नाही.’ उंच आणि आळशी मुलाला याहून चांगला शेला कुणी देऊ शकणार नाही. 26 मे 2023 रोजी समृद्धी महामार्गाचा शिर्डी ते भरवीर हा 80 किलोमीटरचा टप्पा खुला झाला. तो सिन्नर तालुक्यातूनच जातो. जमिनीच्या पैशांतून दारात आलेल्या गाड्या हा त्यानंतरचा विषय. आता यूट्यूबर आणि ‘रील स्टार’ यांची चलती आहे, आणि पोलीस भरती मात्र तेव्हाही होती, आजही आहे.

मुलींच्या चिठ्ठ्यांत बदल फार सावकाश झाला. कितीतरी वर्षं मुलीचं भविष्य म्हणजे सासर, आणि विनोद म्हणजे सासूचं काय होणार हा. नर्स आणि बाई, म्हणजे शिक्षिका, एवढ्या दोनच वाटा चिठ्ठीत उघड्या असत:

सरांच्या आधी उत्तर, फळ्याच्या आधी खडू,
हिच्या वर्गात बसून पुढची पिढी लागेल रडू.

आता कलेक्टर, सीए, फौजदार ही पदं मुलींच्या नावावर सर्रास पडतात आणि त्यात कुणाला विनोद वाटत नाही. मग विनोद कशाचा करायचा, असा प्रश्न चिठ्ठी लिहिणाऱ्या मुलांना पडतो.

फिशपाँडचा गुण सांगितला, तसा दोषही सांगायला हवा. निनावी चिठ्ठी जाडेपणावर, रंगावर, तोतरेपणावर, आडनावावर फार लवकर घसरते. स्टाफरूममधली फाडाफाडी म्हणूनच गरजेची. ज्या वर्षी वेळेअभावी कुणी चिठ्ठ्या चाळत नाही, त्या वर्षी एखादी मुलगी समारंभातून उठून जाते आणि भेळेच्या पुड्यालाही थांबत नाही. अलीकडे कित्येक शाळांनी हा प्रकार बंदच केला. पत्रिकेवर ‘निरोप समारंभ’ ऐवजी ‘शुभेच्छा समारंभ’ छापतात, पाहुणे यशाचा कानमंत्र देतात, आणि दहावीचा वर्ग शाळेला भिंतीवरचं घड्याळ भेट देतो.

स्लॅम बुकची गंमत याच्या उलट आहे. अमेरिकेत ती वही एकमेकांबद्दल वाईटसाईट लिहायची होती. नाव त्यावरूनच पडलं. आपल्याकडे 2000च्या आसपास ती कुलूप-किल्लीसह, गुलाबी कव्हरात दुकानात आली आणि इतकी गोड झाली की तीत ‘तुझा स्वभाव खूप छान आहे’ यापलीकडे कुणी काही लिहीना. शेवटच्या पेपरनंतर पांढऱ्या शर्टावर एकमेकांच्या सह्या घ्यायची पद्धत तेवढी तग धरून आहे. ती घरच्यांना आवडत नाही, कारण तो शर्ट धाकट्याला व्हायचा असतो.

एकूण मामला सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलाय. पंचवीस वर्षांनी बॅचचं गेट टुगेदर ठरतं, शिर्डी रस्त्यावरचा एखादा लॉन्स घेतात, आणि जुने सर-बाई शोधून आणून त्यांना खरोखरचा शेला आणि खरोखरचं पागोटं देतात. मग कुणीतरी जुने फिशपाँड आठवून म्हणतं. कंडक्टर ठरवलेला माळेगावात वर्कशॉपचा मालक निघतो, कलेक्टर ठरवलेला विमा विकतो आणि जेवणाच्या पंगतीत फॉर्म काढतो. ग्रुपवर नवे फिशपाँड टाकायचा प्रयत्न होतो, पण तो दोन दिवसांत थंडावतो. तिथे प्रत्येक ओळीवर लिहिणाऱ्याचं नाव येतं, वर फोन नंबरसुद्धा.