मेम्फिसच्या पिंजऱ्यांपाशी

साल १९७४. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, मेम्फिस शहरातल्या सेंट ज्यूड बालरुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तुम्ही उभे आहात. वॉर्डात ल्युकेमियाची मुलं आहेत. केमोथेरपीनं आजार आटोक्यात येतो, पण प्रतिकारशक्तीही ढासळते. मग न्यूमोसिस्टिस हा एरवी कुणाच्या वाटेला न जाणारा जंतू फुप्फुसात माजतो. कॅन्सरमधून सावरत असलेलं मूल न्यूमोनियानं दगावतं.

हाताशी औषध आहे पेंटामिडीन. पण सुई टोचली तिथे गळू होतं, रक्तातली साखर घसरते, मूत्रपिंडं दुखावतात. दुसरं औषध शोधायचं, तर ते तपासायचं कशावर? हा जंतू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढायलाच तयार नाही.

म्हणून समोर हे पिंजरे. डॉ. वॉल्टर ह्यूज यांच्या या उंदरांना कॉर्टिसोनची इंजेक्शनं दिली जातात, खाण्यातली प्रथिनं कमी केली जातात. भलत्याच जिवाणूंनी ते मरू नयेत म्हणून पाण्यात टेट्रासायक्लिन असतं. न्यूमोसिस्टिस मात्र बाहेरून टोचावा लागत नाही. उंदीर अशक्त झाला की काही आठवड्यांत तो आपसूक डोकं वर काढतो.

काही उंदरांना औषध मिळतंय, काहींना नाही. औषधही नवंकोरं नाही. मूत्रमार्गाच्या संसर्गावर दिली जाणारी ट्रायमेथोप्रिम आणि सल्फामेथॉक्साझोल यांची जोडगोळी, म्हणजेच को-ट्रायमोक्साझोल. दोन्ही घटक जंतूला लागणाऱ्या फोलेटच्या निर्मितीत दोन वेगवेगळ्या पायऱ्यांवर खोडा घालतात.

आता सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. औषध न मिळालेल्या उंदराच्या फुप्फुसाचा काप चांदीच्या क्षारानं रंगवलाय. हिरवट पार्श्वभूमीवर न्यूमोसिस्टिसच्या काळ्या पुटिका दिसतात, चेपलेल्या पिंगपाँगच्या चेंडूंसारख्या. हवेच्या जागी फेसाळ स्राव साचलाय. काचपट्टी बदला. हा काप औषध मिळालेल्या उंदराचा. इथे वायुकोश मोकळे आहेत.

तीन वर्षं पुढे या. १९७७. कर्करोगाच्या १६० मुलांवरच्या चाचणीचे आकडे तुमच्या हातात आहेत. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या ८० मुलांपैकी १७ जणांना हा न्यूमोनिया झाला. को-ट्रायमोक्साझोल घेणाऱ्या ८० पैकी एकालाही नाही.

आणखी चार वर्षं. ५ जून १९८१. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांची नोंद आली आहे. पाचही जणांना न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया. त्यांची प्रतिकारशक्ती ढासळवणाऱ्या मूळ आजाराला अजून नाव नाही. वर्षभरानं जग त्याला एड्स म्हणू लागेल.

उपचार माहीत आहे. प्रतिबंध करता येतो, याचा पुरावा चार वर्षांपूर्वीच छापून आलाय. तरीही एचआयव्हीबाधितांना हा न्यूमोनिया होण्याआधीच औषध सुरू करा, अशी अधिकृत मार्गदर्शक सूचना त्या केंद्राकडून निघायला जून १९८९ उजाडतो. एड्सच्या रुग्णांना या औषधातल्या सल्फाची ॲलर्जी जास्त होते, ही अडचण खरी होती. पण आठ वर्षांच्या दिरंगाईला तेवढं कारण पुरत नाही.

आज भारतातल्या एचआयव्हीवर उपचार करणाऱ्या एआरटी केंद्रांत हीच स्वस्त गोळी दिली जाते. प्रयोगशाळेनं आपलं काम वेळेत केलं होतं. उशीर केला तो बाहेरच्या माणसांनी.